एवढ्याशानं काय होते

पुन्हा वाच. — नाही, समोरचं नको. समोर त कपाचं चित्र आहे, वाफ निघून राहिलेली, अन् चित्रावर माहा भरोसा नाही. मागचं वाच, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरातलं. मले मराठी येते, हिंदी येते, चौथी पास आहो मी. पण जे पोटात जाणार आहे ते हे लोक नेमकं इंग्रजीत लिहितात. हाव, वाच. कोको. बस? — दूध, दुधाची पावडर, ते तू मघा म्हटलं ते, मिल्क सॉलिड — कुठंच नाही? बोट ठेवून वाच न पोरी, घाई कायची आहे तुले, तुहा नवरा त फर्स्ट शिफ्ट करून येऊन झोपला असन. त्या पहिल्या डब्यावर काय निघालं, पाहिलं न? मार्केटमधला दुकानदार मले छातीवर हात ठेवून सांगे, "आंटी, चॉकलेट है, इसमें दूध कहाँ से आएगा?" आलं न पण? तिसऱ्याच नंबरवर बसलं होतं दूध, चोरावानी. तू बाजूच्या क्वार्टरमध्ये नसती त मी तोच डबा खोलला असता. माय वो. 

ठेव तो इथं. नाही, ओट्यावर नको, त्या स्टीलच्या ताटात ठेव, ताट नवीन आहे. शिजवाची गंजी नवीन आहे, पळी नवीन आहे, कप नवीन — लाल फुलाचा — तिच्यासाठीच. सकाळपासून ओटा तीनदा धुतला मी, एकदा साबणानं, दोनदा गरम पाण्यानं. आमचे हे म्हणे, "रुक्मा, ऑपरेशन करून राहिली का?" म्हटलं, तुम्ही बोलू नका, तुमची दुधाची पिशवी घेऊन बाहेर बसा. गेले बिचारे जानराव, पेपर घेऊन कट्ट्यावर बसले आहेत तवापासून.

साडेतीनले येईल संघमित्रा. माही सून. शाळेत तिची मास्तरणींची मीटिंग आहे, दोन तास. माह्या पोराची, राजदीपची, ड्युटी आहे. तिची माय नागपूरले गेली. म्हणजे कोणीच नाही म्हून मी. तेवढं कळते मले. सात महिन्यांनी माही नात ह्या घरात पाय ठेवणार आहे, अन् तेही कोणीच नाही म्हून — पण ठेवणार आहे न? पाच वर्षं इथं भिलाईच्या सेक्टरातच वाढली ती, ह्याच ओट्यावर बसून माह्या हातची भाकर खाल्ली. आता भिलाई-तीनले राहतात, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. दूर कुठं आहे, पण मले विचार किती दूर आहे ते.

फोनवर ती उन्नतीच म्हणे, "आजी, मेरे को हॉट चॉकलेट चाहिए, सबने पिया, मैंने खाली देखा." वर्गातल्या कोण्या पोट्टीचा वाढदिवस होता, हॉटेलात नेलं सगळ्या लेकराईले, अन् ही पाण्याची बाटली घेऊन बसली. खाली देखा! म्हटलं, मी बनवतो माय तुह्यासाठी, बिनदुधाचं. बोलून त गेली. वाटलं, संघमित्रा नाहीच म्हणणार. तिनं नाही नाही म्हटलं वो! तिनं मोबाईलवर बोलून पाठवलं सगळं — वीस बदाम, संध्याकाळी भिजवा, सकाळी सालं काढा, पाणी टाकून बारीक वाटा, मलमलच्या कोऱ्या कपड्यातून गाळा, एक चमचा कोको, साखर नको, खजूर वाटून टाका, दालचिनीचा तुकडा, चुटकीभर मीठ, बारीक आचेवर. अन् शेवटी म्हणे, "आई, भांडी वेगळी घ्या." आई म्हटलं तिनं. सात महिने "ऐका न" म्हणून बोले. मी ते अकरा वेळा ऐकलं. पाठ आहे मले, त्रिशरणासारखं पाठ आहे.

अवं, उभी कावून आहेस, बस न त्या स्टुलावर. चहा होतेच आहे तुहा. त्या तिकडच्या शेगडीवर आहे, इकडं नाही, हात बी वेगळा लावून राहिली मी, डावा. — नाही नाही, काळा कायले? तू म्हणशील काळा चालते, पण मले चालत नाही. आलेल्या माणसाले मी काळा चहा देत नाही. माह्या मायच्या घरी, मोहाडीजवळ आमचं गाव, काळाच चहा होता, गुळाचा. पाहुणा आला की माय दारामागं जाऊन उभी राहे लाजेनं. तेव्हा मी मनाशी पक्कं केलं की माह्या घरात उंबरठ्यावर आलेलं माणूस दुधाचा चहा पिऊनच जाईल. सकाळपासून दूध बाहेर ठेवलं होतं, तुह्यासाठीच एक वाटी आणलं आत. ती गाळणी दे खिळ्यावरची. हं. घे. फुंकून पी, अन् कप तिकडंच ठेव, खिडकीत.

माहा हात पाह्य. पाहिला? कुऱ्हाडीनं लाकडं फोडले ह्या हातानं, स्टील कंपनीच्या गेटवर मोर्चात पोलिसाची काठी धरली ह्या हातानं, अन् आज सकाळी बदामाचं साल निघता निघेना. मी कोणाले भ्यायली नाही आजवर, विचार सेक्टर सिक्समध्ये कोणाले बी. नळाच्या लाईनमध्ये माह्यासमोर कोणी घुसत नाही. पण मागच्या रविवारी राजदीपनं त्याच्या घरी नेऊन मले सुई शिकवली — ते दवाखान्यातून भरून देतात न, पोरीच्या डब्यात असते नेहमी — झालंच काही त मांडीत टोचायची, वरून कपडा असला तरी, अन् मंग दवाखान्यात पळायचं. संत्र्यावर शिकवली. तो म्हणे, टोच आई. संघमित्रा दरवाज्यात उभी, हाताची घडी घालून. मी टोचली अन् संत्रं हातातून सुटलं. पाच संत्री फोडली मी. पाचव्याले जमलं. उन्नती हसून राहिली होती, म्हणे, "आजी संतरे को दवा दे रही है." मी बी हसली. घरी येऊन मोरीत बसून रडली, नळ चालू ठेवून.

पाहून राहिली न तू, हे चॉकलेट कसं वर येऊन राहिलं? काळं-तांबडं. वास पाह्य. खजुराचा घमघमाट. ढवळत राहावं लागते, नाहीतर बुडाले लागते. — काय झालं होतं? तुले कोणी सांगितलं नाही? अख्ख्या सेक्टरले माहीत आहे. तू नवीन. दोन महिनेच झाले तुले तुमसरवरून येऊन.

बुद्धपौर्णिमा होती. विहारात खीर करतो आम्ही, तुमच्याकडं बी करत असाल — मोठ्या गंजात, पन्नास लिटर दुधाची, तांदूळ, चारोळी. सुजातानं भगवंताले दिली, त्याची आठवण म्हून. वाढाले राधाबाई होती, दरवर्षी तीच असते, तिचा हात सारखा चालतो, कोणाले कमी नाही कोणाले जास्त नाही. तर राधाबाईच्या हातून — पोरीच्या पोटात — गेली म्हणतात. उलशीक. चमचाभर. वंदना झाली, गाणे सुरू झाले, अन् पोट्टी माह्याजवळ आली, म्हणे, गले में कुछ है. ओठ पाहतो त — वांग्यावानी. डोळे बंद होऊन राहिलेले. अंगावर लाल चकंदळं उठलेली. अन् तो आवाज वो, श्वासाचा, सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तसा. ह्यांनी स्कूटर काढली, मी मागं, पोरगी मधात. सेंट्रल अव्हेन्यू कधी एवढा लांब नव्हता. डॉक्टरीणबाईनं दारातच सुई दिली. म्हणे, अजून दहा मिनिटं उशीर झाला असता त... अन् पुढचं बोलली नाही. मी तिले आजवर पुढचं विचारलं नाही.

थांब, हे रवाळ लागून राहिलं जिभेले. जिभेले नाही, मी कुठं चाखलं — पळीले दिसते. बदाम नीट वाटले गेले नाहीत, मिक्सरचं पातं जुनं. घशात लागलं त ती भिईल, तिले घशात काही लागलं की भेव वाटते आता. पुन्हा एकदा गाळून घेतो. दे, दे इकडं. हं... हळू... झालं. आता पाह्य, रेशमावानी. ठेव ते मोरीत.

काय म्हणून राहिली होती मी? दूध. अवं, मले कधी पटलंच नाही ते. पहिल्यांदा, दीड वर्षाची असताना, बिस्किटानं पुरळ आलं तिले, मंग डॉक्टरनं रक्त तपासलं अन् म्हटलं दूध बंद. दही बंद, ताक बंद, तूप बंद. म्हटलं, हे काय सोंग? दूध का साप आहे बाधाले? माह्या मायनं आम्हाले सहा जणाले दूध कधी दाखवलं नाही. वर्षातून एकदा, पौर्णिमेले, बाप पाटलाच्या घरून लोटाभर दूध आणे — दोन दिवस त्याच्या वाडीत राबून आणे — अन् माय खीर करे. आम्ही बोटं चाटत बसून राहू, वाटी चाटू, मंग गंज चाटू. ती खीर माह्या जिभेवर आहे अजून. अन् माही नात, कंपनीच्या क्वार्टरमध्ये जन्मलेली, जिच्या घरात रोज दोन पाकीट दूध येते, तिनं पाणी पित बसावं? अन् सून माही बी.एड. झालेली, मोबाईलवर वाचून वाचून सांगे — आई, हे नको, आई, ते नको, तो चमचा नको, तो हात नको. माह्या घरात माहा हात नको! मले वाटे, ही पोरीले माह्यापासून तोडून राहिली. अन् भगवंतानं जी खीर खाऊन उपास सोडला, त्या खिरीनं लेकराचं वाईट कसं होईल? तूच सांग. विहारात, मूर्तीसमोरची खीर. तर ती जेव्हा माह्याकडं पाहून राहिली, डोळे मोठ्ठे करून, "आजी, ये मेरा है?" अन् मी म्हटलं, हाव माय, तुहंच आहे, आ कर —

काय?

अशी कावून पाहून राहिली? काय म्हटलं मी? — मी... राधाबाईनं... नाही.

नाही. बस खाली. बस म्हटलं न. तुले ऐकाचं होतं, आता ऐक पूर्ण. राधाबाईनं माह्या वाटीत टाकली खीर. माह्या. अन् तिनं विचारलं बी होतं, पळी हातात धरून — "अवं रुक्मा, पोरीले चालत नाही न?" मी म्हटलं, माह्यासाठी घेऊन राहिली. अन् विहाराच्या मागच्या ओसरीत नेलं पोरीले, जोडे ठेवतात तिथं, कोणी पाहत नाही तिथं. वाटलं, एक चमचा देऊन पाहू. काही होणार नाही. मंग संध्याकाळी सुनेसमोर छाती काढून सांगीन — पाह्य, तुही डॉक्टरीण खोटी, तुहा मोबाईल खोटा, माही खीर खरी. गोड लागलं तिले वो. हसली. म्हणे, और. मी अजून अर्धा चमचा दिला.

पोरीजवळ राजदीप थांबला, अन् दवाखान्यातून संघमित्रा विहारात परत आली, मी मागं; तिचे केस मोकळे, पायात चप्पल नाही — "कोणी दिली? कोणी दिली खीर माह्या पोरीले?" सगळ्या बाया पळी जिच्या हातात तिच्याकडं पाहू लागल्या. राधाबाईनं माह्याकडं पाहिलं. तिले माहीत होतं. तीस वर्षाची मैत्रीण माही. राजदीपच्या बाळंतपणाले तिनं माह्या पायाले मालिश केली. तिनं पाहिलं माह्याकडं, अशी, शांत, जसं विचारून राहिली — तू सांगते की मी सांगू? अन् मी खाली पाहिलं. फरशी पाहत राहिली मी. सुनेनं तिले काय नाही म्हटलं! आंधळी म्हटलं, म्हातारी म्हटलं, खुनी म्हटलं. राधाबाईनं पळी गंजात ठेवली, पदर घेतला अन् गेली.  तवापासून रविवारच्या वंदनेले येत नाही. मार्केटमध्ये दिसली त रस्ता मीच बदलतो, ती नाही बदलत. अन् मी सेक्टर सिक्समध्ये कोणाले भीत नाही म्हणून सांगतो! नळावर वाघीण आहो मी.

सून मले एवढंच म्हणे, तुमचं लक्ष नव्हतं, अन् पोरीले घेऊन वेगळी झाली; खरं काय ते मी आमच्या ह्यांले सांगितलं नाही. राजदीपले नाही. तुले कावून सांगितलं, तू कोण माही? डबा वाचाले बोलावली तुले मी.

जाऊ दे. थंडा झाला न चहा? आण, अजून घोटभर टाकतो, राहिला आहे तिकडं. अवं, गाळणी कुठं ठेवली? खिळ्यावर नाही. तुले दिली होती? ओट्यावर... नाही... मोरीत कशी? ही त —

पोरी.

ही इकडं कशी आली? हिच्यावर चॉकलेट कावून आहे?

नाही, सांग मले. मलमलचा कपडा कुठं आहे? तो त दोरीवर वाळून राहिला. म्हणजे मघा मी... "दे इकडं" म्हटलं अन् तू ही दिली. नाही, तुही चूक नाही, मीच हात पुढं केला, मीच घेतली, चाळीस वर्षं झाले हात तिकडंच जाते. पाह्य, पाह्य इथं, जाळीले चहापत्ती चिकटून आहे. तुह्या चहाचीच. तुह्या दुधाच्या चहाची. मी त्याच गाळणीतून... मीच... नवीन गंजी, नवीन पळी, तीनदा धुतला ओटा...

काय म्हटलं तू?

पुन्हा म्हण.

"एवढ्याशानं काय होते, काकू." असं म्हटलं न? थेंबभर असन, आटलं असन, उकळलं आहे, धुऊन घ्या, कोणाले कळते. — हाव. हेच. हेच शब्द. मी तिकडं ओसरीत, जोड्याजवळ, वाटी हातात धरून, माह्या मनाले अशीच म्हटली होती. एवढ्याशानं काय होते. तुह्या तोंडातून ऐकाले सात महिने लागले मले.

सरक. सरक म्हटलं न, मोरीसमोरून. मले माहीत आहे वीस बदाम होते, मले माहीत आहे सकाळपासूनची मेहनत. जाऊ दे सगळं. पाह्य, कसं जाऊन राहिलं नाल्यात. वास त अजून येऊन राहिला, नाही? भल्ला चांगला झाला होता वो.

रडू नको. तुले रागावली नाही मी. तू लेकरू आहेस. पण तू जा आता. चहाचा कप घेऊन जा, इथं धुऊ नको, तुह्या घरी धू. अन् ती गाळणी बी घेऊन जा, मले ह्या घरात नको ती. मागच्या दारानं जा. — वाजली न? स्कूटर? आमचे हे उठले पाह्य कट्ट्यावरून. तिचीच आहे, मले आवाज कळते, रोज ऐकतो मी तो आवाज, कोणाची बी स्कूटर आली की.

आता सांगितलं त ती पोरीले उतरूच देणार नाही. मीटिंग सोडील, नोकरी सोडील, पण इथं सोडणार नाही. पुन्हा कधीच सोडणार नाही. मंग मी आहो अन् हे नवे भांडे आहेत. — नाही, तू नको सांगू मले काय करू ते. एकदा सांगून झालं तुहं. जा. जा न वो! कडी लावून घे.

आली, आली! दार उघडंच आहे, संघमित्रा. — नाही, थांब. तिथंच थांब, आत नको येऊ. उन्नतीले स्कूटरवरच बसू दे जरा, आबाजवळ. हाव माय, दिसली मले, आजी आली हं, तिथंच राहा. — संघमित्रा, हॉट चॉकलेट नाही आहे. फेकलं मी. ते कावून, ते बी सांगतो. पण त्याच्या पहिले दुसरं आहे. राधाबाईचं.

माह्याकडं पाह्य. फरशीकडं नको पाहू, माह्याकडं पाह्य.